फडणीस साहेबासाठी विणलेलं उपरणं

अंदाजपत्रकाच्या दिवशी आमच्या घरी सगळे रेडिओला चिकटून बसतात. अर्थमंत्री आता आपलाच माणूस असतो. तो काय काय महाग करतो ते ऐकून जावई हळहळतो, सून गालातल्या गालात हसते आणि मी उठून अंगणात जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला आकडे कळत नाहीत. ते कळत नाहीत हे खरंच आहे, पण मी उठतो तो रागानं. हा राग फार जुना, सोलापुरातला आहे, आणि ज्याच्यावर तो काढावा असा माणूस मला तेव्हाही सापडला नव्हता.

मोहोळकडचं आमचं गाव सोडून मी सोलापुरात शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा गिरणीचा भोंगा झाला की दचकून उठत असे. पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत मला खोली मिळाली. घरमालक विणकरच होते, माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना मामा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. पुढची खोली माझी; मागच्या लांबट खोलीत मामांचा माग. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून मामा बसत, पायांनी खालच्या पट्ट्या दाबत आणि हातानं धोटा फेकत. अक्का शेजारी बसून सुताच्या कांड्या भरी आणि नातवंडं तिच्याभोवती खेळत. सकाळी चहा झाला की तो आवाज सुरू होई आणि दिवेलागणीला थांबे. पहिला महिनाभर मला वाटलं, या खडखडाटात मी वेडा होणार. पुढं पुढं सणासुदीला माग बंद असला की चुकल्यासारखं वाटू लागलं.

मामा बारीक सुताची लुगडी विणत. बारीक म्हणजे किती, तर नऊवारी लुगडं ओंजळीत मावावं. असलं सूत आपल्या गिरण्यांत तेव्हा फारसं निघत नसे. ते विलायतेहून मुंबईच्या बंदरात यायचं आणि तिथून आमच्या सूतवाल्या शेठकडे. म्हणजे हात सोलापूरचे आणि सूत परकं. गावातले खादीवाले पुढारी मामांच्या दारावरून जाताना तोंड फिरवत. मीही खादीची टोपी घालत असे, त्यामुळे मला दोन्हीकडून बोलणी बसत.

माघ सरत आला की सूतवाल्या शेठच्या पेढीवर एक गंमत चालायची. अंदाजपत्रकाच्या दिवशी पेढीच्या फळ्या अर्ध्याच उघडलेल्या असत. कुणी सूत मागायला गेलं की मुनीम म्हणे, शेठ बाहेर गेलेत. शेठ आत लोडाला टेकून बसलेले दिसत असत. ते दिल्लीच्या तारेची वाट बघत. तिकडे संध्याकाळी फायनान्स मेंबर असेंब्लीत उभा राहून अंदाजपत्रक वाचणार, आणि तो काय वाचतो हे कळल्याशिवाय सोलापुरात सुताची लडीसुद्धा विकली जायची नाही. मला त्याची चीड येई. एक माणूस दिल्लीत घसा खाकरतो, आणि इथे माग अडून राहतात.

"कोन हो हा साहेब?" मामांनी एकदा ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं.

मी मास्तर, मला विचारल्यावर काय, मी सुरूच झालो. म्हटलं, पेशव्यांच्या दरबारात फडणीस असे ना, सगळ्या राज्याचा जमाखर्च बघणारा, तसा हा लाटसाहेबाचा फडणीस. सत्तावनच्या बंडानं सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा विलायतेहून एक जाणता साहेब खास आणला. त्यानं हिंदुस्थानचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं, लोकांच्या प्राप्तीवर कर बसवला आणि काही महिन्यांतच कलकत्त्याला आजारी पडून मेला. तेव्हापासून ही खुर्ची आहे. तिच्यावर गोरा जातो आणि गोरा येतो.

मामा विचारात पडले. "साहेब मेला, मंग कर कशापायी ऱ्हायला? त्याच्यासंगं न्यायाचा की."

गल्ली हसली. मीही हसलो. पुढं मला त्या हसण्याचाच राग आला.

एका साली तार आली आणि शेठच्या पेढीवर गर्दी झाली. विलायती सुतावरची जकात वाढली होती. गिरण्यांना संरक्षण, सरकारला पैसा, असा दुहेरी हिशेब होता म्हणे. गावातले पुढारी खूश झाले. परका माल महागला, झालंच तर देशाचं भलं. वर्तमानपत्रातही तसंच होतं. हातानं विणणाऱ्याला ते सूत लागतं, त्याचं काय, हे कुठेच छापून आलं नव्हतं. मी ते पान उलटसुलट वाचलं. शेठनं तर कमालच केली. गोदामात जुन्या जकातीचं सूत कोंबून भरलेलं, पण दुसऱ्या दिवसापासून तेही नव्या भावानं. मी जाऊन भांडलो. शेठ शांतपणे म्हणाले, "मास्तर, कायदा आमी केला काय? दिल्लीला इचारा."

आता दिल्लीला विचारायचं म्हणजे कुठे? असेंब्लीतले आपले लोक भाषणं ठोकत, एखादा कर नाकारतसुद्धा. पण लाटसाहेबानं सही केली की नाकारलेलं पुन्हा उभं राही. म्हणजे तो फडणीस ना आम्ही नेमलेला, ना आम्हाला काढता येणारा. मी वर्गात मुलांना पंचायतीपासून पार्लमेंटपर्यंत सगळं शिकवीत असे आणि घरी आलो की मागच्या खोलीतला आवाज दिवसेंदिवस कमी होत चाललेला ऐकत असे. मामा पूर्वी दिवेलागणीपर्यंत विणत, ते आता दुपारीच उठू लागले. सूतच नाही तर विणणार काय? गिरणीचं जाडं सूत लावून बघितलं, पण त्या लुगड्याला बाजारात गिरणीच्याच लुगड्याशी झुंजावं लागे, आणि ते हरे.

शेजारची दोन घरं माग मोडून गिरणीत लागली. अक्का एकदा कांड्यांची रिकामी टोपली पुढं ठेवून मला म्हणाली, "गुरुजी, ह्यांचं आता वय हाय का भोंग्यावर पळायचं? माग गेला तर हा मानूस ऱ्हानार न्हाय बगा." ती रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून गल्लीतल्या पंचांनी ठरवलं की फडणीस साहेबाला अर्ज करायचा: हातमागाला लागणाऱ्या बारीक सुतावरची जकात तेवढी काढावी. इंग्रजीत लिहिणार मी. मी तीन-चार दिवस खपून अर्ज लिहिला, आणि खरं सांगतो, चांगला लिहिला. साध्या शब्दांत सगळं होतं. आता टपालात टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

तर पंच म्हणाले, "नुसता कागद?"

"मग काय पाहिजे?"

"कापड."

त्यांची रीत अशी की कुणाकडे काही मागायला जायचं तर आपल्या हातचं उत्तम कापड दोन्ही हातांवर घेऊन जायचं. संस्थानिकाकडे गेले तरी तसंच, देवळात गेले तरी तसंच. रीत चांगली होती. मला तिच्याबद्दल आदरच होता. पण मी म्हटलं, अहो, आपण तिथे रडगाणं घेऊन चाललोय. कापड पाठवायचंच तर हल्ली गिरणीच्या सुताचं जे विणावं लागतंय ते पाठवा. शेजारी जुन्या लुगड्याचा तुकडा जोडा. काय होतं आणि काय झालं, साहेबाला डोळ्यांनी दिसेल.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांना शिवी दिली असती तर त्यांना इतकं लागलं नसतं. "तसलं कापड म्या साहेबाम्होरं ठिवू? हात झडले व्हय माजे? गुरुजी, तुमी लिवा. कापडाचं आमाला कळतंय."

मी पुष्कळ वाद घातला. आवाज चढवला. पंचांपैकी एक जण म्हणाला, "मास्तर तापट हाय, पर मानूस चांगला." मी कपाळाला हात लावून बसलो.

मामांच्या घरात बारीक सुताची शेवटची पुडी होती. तिच्यात एक लुगडं झालं असतं आणि त्याच्यावर घरचे काही आठवडे निघाले असते. त्या सुताचं मामांनी साहेबासाठी उपरणं विणलं, आणि उरलेलं सूत पुन्हा त्याच्याच काठात घातलं. पुष्कळ दिवसांनी मागच्या खोलीतला आवाज दिवेलागणीपर्यंत चालला. अक्का कांड्या भरताना गुणगुणत होती. मी शाळेतून आलो की दारात उभा राहून बघे. काय सांगू, मला सगळा वेडेपणा दिसत होता, तरी माझे पाय तिथून हलत नसत. पांढरं दुधासारखं अंग, काठाला लाल आणि त्यात मुंगीएवढी फुलं. विणून झाल्यावर मामांनी ते मुठीत धरलं आणि मूठ मिटली. बाहेर काहीच दिसेना. गल्लीतली माणसं वाहवा करू लागली. मीही केली, आणि मनात म्हटलं, झालं, बुडालो.

असा अर्ज थेट दिल्लीला जात नसतो. तो इथल्या कचेरीत द्यायचा, इथून वरच्या, तिथून आणखी वरच्या. आम्ही दिला. उन्हाळा गेला. मी कचेरीत चकरा मारी. कारकून वर न बघता सांगे, गेलाय पुढं. पुढं म्हणजे कुठं, ते त्याला माहीत नव्हतं. मामा मात्र निर्धास्त. "साहेबानं उपरणं हातात घिऊ द्या एकदा," म्हणत. फायनान्स मेंबर उन्हाळ्यात सिमल्याला असतो असं मी सांगितलं, तर त्यांना काळजी एवढीच, की डोंगरातल्या थंडीत एवढं पातळ उपरणं साहेबाला पुरेल का.

पाऊस संपता संपता उत्तर आलं. ते दिल्लीहून नव्हतं, सिमल्याहूनही नव्हतं. मधल्याच कुठल्या तरी कचेरीतून, कुणा हाताखालच्या साहेबाच्या सहीचं होतं. ती सही मला अजून लागलेली नाही. गल्ली मामांच्या ओट्यावर जमली. मी आधी मनात वाचलं आणि माझे कान तापले.

"वाचा की मोठ्यानं," मामा म्हणाले.

मी मराठीत सांगू लागलो. अर्जासोबतचा नमुना पाहण्यात आला. तो अत्यंत सुबक आहे.

"सुबक म्हनले?"

"हो. अत्यंत सुबक."

मामांची मान ताठ झाली. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. अक्का दाराआड हसली. पुढचं वाचूच नये असं मला वाटलं, पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पुढं असं होतं की इतक्या उंची दर्जाचं काम ज्या गावात आजही होतं, तिथला धंदा जकातीमुळे अडचणीत आहे असं मानायला जागा नाही. सबब अर्ज वर पाठवण्याचं कारण दिसत नाही. भेटवस्तू नियमाप्रमाणे सरकारजमा केली आहे.

माझा तोल गेला. मी ओरडलो, "मी सांगत होतो! जाडंभरडं पाठवा म्हणून सांगत होतो! तुमच्या कापडानंच तुमचा घात केला!" बोललो आणि मामांचं तोंड बघून गप्प झालो. मग मला सगळ्यांचाच राग आला. त्या न दिसणाऱ्या सहीचा, पलीकडे लोडाला टेकलेल्या शेठचा, टोपी घालून तोंड फिरवणाऱ्यांचा आणि माझ्या इंग्रजीचाही. फडणीस साहेबाला तर आमच्या गल्लीचं नावही कळलं नव्हतं. ज्याच्यावर वर्षभर दात खाल्ले, त्याच्यापर्यंत आमची हाकसुद्धा गेली नव्हती.

दिवाळी झाली आणि मामांनी माग विकला. घेणारा मैंदर्गीकडचा होता. त्यानं फणी, धोटे, लाकडं बैलगाडीत रचली. गिरणीत मामांना झाडूकामाची जागा मिळाली होती. विणायची जागा तरण्यांना देत.

त्या रविवारी मी मनाशी पक्कं करून मागच्या खोलीत गेलो. नवा अर्ज माझ्या डोक्यात तयार होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. माग गेला, घर बसलं, याहून मोठा पुरावा कोणता? मामा परसातली माती घमेल्यात भरून आणत होते. माग नसल्यानं खोली केवढी तरी मोठी दिसत होती, आणि मधे तो खड्डा. काठावर बसून अक्का हातानं ढेकळं फोडत होती.

मी म्हटलं, "मामा, पुन्हा अर्ज करू. या वेळी मी स्वतः पुण्यामुंबईपर्यंत घेऊन जातो. आपण सोडायचं नाही."

मामांनी घमेलं खड्ड्यात उलटं केलं आणि कंबर धरून सरळ झाले. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता.

"करू की, गुरुजी. पर आदी ह्यो भरू द्या. नातवंडं पडत्यात ह्यात."

मी कोपऱ्यातलं दुसरं घमेलं उचललं आणि परसात गेलो.