तक्रार पेटी आणि पुढची सीट

शिक्षकांच्या खोलीत चहा येईपर्यंतच्या दहा मिनिटांत जेवढं खरं बोललं जातं, तेवढं आमच्या शाळेच्या एकाही अहवालात सापडणार नाही. तेवीस वर्षं मराठी शिकवतेय. तपासायच्या वह्या संपतात, किस्से संपत नाहीत. त्यात 'विद्यार्थी सुरक्षा व मानसिक आरोग्य' हा विषय वरून आला आणि किस्स्यांना नुसता ऊत आला. ऐकणारे हसतात. माझं मात्र सांगतानाच डोकं तापतं!

*

आमची शाळा नायगावच्या बाजूला. पोरं आसपासच्या खेड्यांतून व्हॅननं येतात.

शाळेला समुपदेशक नेमा, असं पत्र आलं. मुख्याध्यापक सरांनी पत्र पूर्ण वाचायच्या आत पी.टी.च्या जाधव सरांकडे बोट दाखवलं.

"सर, पण त्यांना यातलं काही..." मी म्हटलं.

"मॅडम, पोरांशी बोलायचंच आहे ना? अख्ख्या शाळेत त्यांच्याएवढा खणखणीत आवाज आहे का कोणाचा?"

जाधव सर माणूस दिलदार, पण औषध एकच. गणिताची भीती वाटते? "टेन्शन घ्यायचं न्हाई! ग्राऊंडला दोन राउंड मार!" झोप लागत नाही? दोन राउंड! एका मुलीचे आजोबा वारले, ती वर्गात गप्प राहायला लागली. तिलाही दोन राउंड!

त्या वर्षी तालुक्याला पळण्यात आम्हाला मेडल मिळालं. टीममधली सगळी पोरं समुपदेशनातली होती.

*

मग लातूरला 'तणावमुक्त शाळा' नावाचं ट्रेनिंग झालं. जाधव सर आणि मी गेलो. एक साहेब भिंतीवरच्या स्लाइड आम्हाला वाचून दाखवत होते, जणू आम्हाला वाचताच येत नाही. जेवणानंतर मास्तर लोक सटकतात म्हणून हॉलला बाहेरून कडी घातलेली!

उदगीरच्या एका मॅडमना बंद खोलीत गुदमरायला होतं. त्या उठून दार ठोठावायला लागल्या.

बाहेरून आवाज आला, "हजेरीची सही चार वाजता! तवर कडी निघायची न्हाई!"

भिंतीवर तेव्हा स्लाइड होती, 'घाबरल्यासारखे वाटल्यास जवळच्या व्यक्तीशी बोला.'

*

हा पुढचा किस्सा मी हसून सांगू शकत नाही.

समुपदेशन चालू असल्याचा फोटो वर पाठवायचा होता. समुपदेशन कक्षात उंच उडीच्या गाद्या, मोडके बेंच आणि पंधरा ऑगस्टचे भोंगे. शिपाई गंगाधरमामांनी ते सगळं एका बाजूला ढकललं, टेबल टाकलं, जाधव सरांना बसवलं. समोर बसायला नववीतली रेणुका बोलावली.

"बेटा, जरा उदास बस," मुख्याध्यापक सर म्हणाले.

रेणुका बसली. खाली मान घातली आणि रडायला लागली. खरंखुरं, हुंदके देऊन.

"वा! एकदम नॅचरल!" सर खूश. "मॅडम, घ्या पटकन!"

फोन माझ्या हातात होता. मी फोटो काढला. तेवढ्यात घंटा झाली, रेणुकानं ओढणीनं तोंड पुसलं आणि वर्गात गेली. "का रडलीस गं?" एवढं विचारायला त्या खोलीत तीन शिकलेली माणसं होती. एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा! त्याची लाज मला आजही वाटते.

*

शाळेत कॅमेरे बसले. एक गेटला, उशिरा येणारे मास्तर दिसावेत म्हणून. एक शिक्षकांच्या खोलीत, चहाला किती वेळ लागतो ते कळावं म्हणून! मागच्या बाजूला, जिथं पोरी व्हॅनमध्ये चढतात, तिथं एकही नाही.

मी विचारलं तर सर म्हणाले, "तिथं काय बघायचंय मॅडम? गाड्याच तर उभ्या राहतात."

*

आणि तक्रार पेटी! चांगली लाल रंगाची, कुलूपवाली. पोरांनी निनावी चिठ्ठी टाकायची. सरांनी ती लावली स्वतःच्या केबिनमध्ये, अगदी खुर्चीच्या मागं. म्हणजे निनावी तक्रार करायची तर आधी "मे आय कम इन सर?" म्हणायचं!

महिनाभरानं प्रार्थनेच्या वेळी सरांनी जाहीर केलं, "आपल्या शाळेत एकही तक्रार नाही! टाळ्या!"

गंगाधरमामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, पोरं केबिनीत जायलाच भिऊन राहिलेत. चिठ्ठी काय टाकतेत?"

मी आठवडाभर भांडले. शेवटी पेटी पाण्याच्या टाकीजवळ आली.

*

पंधरा दिवसांनी सरांच्या केबिनमध्ये पेटी उघडली. आत सर, मी आणि मामा. एकच चिठ्ठी निघाली. सरांनी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

'मला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसायचं नाही. ड्रायव्हर काका हात लावतात. घरी कळलं तर माझी शाळा बंद करतील.'

व्हॅन होती संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याची.

"सर, हे पोलिसांना कळवावं लागतं. कायदा आहे," मी म्हटलं.

"कळवू, कळवू. आधी लिहिलंय कोणी ते बघू. खोटी असली म्हणजे?" सरांनी चिठ्ठी माझ्यापुढं सरकवली. "तुम्ही सगळ्यांच्या वह्या तपासता. अक्षर ओळखता. नाव सांगा. तिच्या बापालाच बोलावून घेतो."

अक्षर मी पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं. पाचवीपासून त्या अक्षराला मी लाल पेननं शेरे दिलेत. फोटोच्या दिवशी न विचारलेल्या "का रडलीस गं?"चं उत्तर माझ्यापुढं पडलं होतं.

"अक्षर माझं आहे, सर."

"तुमचं?" सर उडालेच. "मॅडम, तुम्ही तर स्कूटीवर येता!"

"आज व्हॅननं जाते," मी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली. "पुढच्या सीटवर बसते. मामा, ड्रायव्हरला सांगा, रस्त्यात पोलीस ठाण्यापाशी जरा थांबायचंय."

"हाव मॅडम," मामा म्हणाले, "मी बी येतो."