चाटूनपुसलेली परात

डावकाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि मारली तरी त्या ओ देतील असं वाटत नाही. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक केला. वाढून झालं की हातातला डाव तसाच घेऊन त्या खरकटी ताटं ठेवायच्या खिडकीपाशी उभ्या राहायच्या. ताटात शीतभर उरलेलं दिसलं तरी माणसाला परत पाठवायच्या. "बस खाली आणि संपव. टाकायचं होतं तर वाढून कशाला घेतलंस?" एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांना त्यांनी भाजीच्या दोन फोडींसाठी परत बसवलं आणि साहेबांनी त्या निमूट गिळल्या. अन्न टाकणं हे काकूंच्या लेखी पाप होतं. बाकीची पापं त्या मानाने किरकोळ.

मग कारखाना दुसरीकडे हलला, कँटीन बंद झालं आणि काकू घरी बसल्या. घरात त्या आणि काका, दोनच माणसं. दोघांच्या स्वयंपाकाचा त्यांना अंदाजच येईना. डाळ दहा जणांची व्हायची आणि काका बिचारे तीन-तीन दिवस तीच खाऊन "छान झालीय" म्हणायचे.

त्याच सुमाराला समोरच्या खोल्यांत एक जोडपं राहायला आलं, फार लांबच्या देशाचं. नवरा इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायचा, बायको घरी असायची. तिचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळ्यांनी तिला 'समोरची' करून टाकलं. आपली भाषा तिला मोडकीतोडकी यायची, पण हसणं अगदी अस्सल होतं. महिन्याभराने ती दारोदार जाऊन सांगून आली, "रविवार. दुपार. जेवण. सगळे या."

तेव्हा इमारतीत कुणाचं कुणाशी फारसं जमत नव्हतं. तळमजल्यावरचा शिंपी आणि वरच्या मजल्यावरची नर्स तर पाण्याच्या टाकीवरून चार वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पण परदेशी जेवण कसं असतं या उत्सुकतेने सगळे गेले. काकू खास नाक मुरडायला गेल्या.

सतरंजीवर एकच भलीमोठी परात ठेवलेली. तिच्यात आंबवलेल्या पिठाची मऊ, जाळीदार पोळी अंथरलेली आणि पोळीवर मसुराचे, भोपळ्याचे, पालेभाजीचे ढीग. ताटं नाहीत, वाट्या नाहीत. आपापल्या बाजूची पोळी तोडायची आणि सगळ्यांनी त्याच परातीत जेवायचं. शिंपी आणि नर्स नेमके शेजारी आले. एकाच ढिगात हात घालताना माणूस किती वेळ गप्प बसणार? "भोपळा घ्या ना," शिंपी म्हणाला. चार वर्षांचं भांडण मिटलं ते भोपळ्यावर. काकूंनी पहिला घास घेतला आणि नाक मुरडायचं राहूनच गेलं. "पीठ चांगलं तीन दिवस आंबवलंय हो," त्या काकांच्या कानात म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठीच स्तुती होती.

शेवटी परातीच्या मधोमध थोडं उरलं आणि सगळ्यांचे हात थांबले. काकूंनी डोळे वटारले. "उठायचं नाही! पोरीने एवढं रांधलंय, ते तिला फेकायला लावणार?" मग काय बिशाद होती कुणाची! परात चाटूनपुसून लख्ख झाली. समोरचीने रिकाम्या परातीकडे क्षणभर पाहिलं आणि हसून ती आत नेली.

पुढच्या रविवारी पोळी मोठी, ढीगही मोठे. तेही संपवले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी मोठे. पोटाला तडस लागायची, काका तर पायजम्याची नाडी सैल करून बसायचे, पण परात साफ! ते रविवार आठवले की काकूंना अजून बरं वाटतं. दुपारभर सगळ्या घरांची दारं उघडी असायची आणि जिना चढताना चार ठिकाणी थांबावं लागायचं. आता जिन्यात कुणी थांबत नाही.

सातव्या रविवारी काकू चष्मा तिथेच विसरल्या आणि आणायला परत गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत नवराबायको रिकाम्या परातीपाशी बसले होते. तव्याला चिकटलेली पोळीची कड तिने खरवडून काढली होती. अर्धी त्याला, अर्धी स्वतःला, सोबत कोरा चहा. फळीवर पिठाचा डबा आडवा पडला होता आणि त्याचा तळ दिसत होता.

"अगं, तुम्ही जेवला नाहीत?"

"आम्ही मागून," ती ओशाळून म्हणाली. "आमच्याकडे पाहुणे आधी. मग घर. त्याच परातीत." तिने मधोमध बोट ठेवलं. "हे मधलं, ते घराचं."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहुण्यांना कसं सांगणार, काकू? मला वाटलं, कमी पडतं. म्हणून जास्त केलं. तरी संपतं." तिने मान खाली घातली. "आता नाही करणार. पीठ नाही."

जन्मभर काकूंनी ज्या गोष्टीचा टेंभा मिरवला, तिनेच सात रविवार या दोघांच्या तोंडचा घास काढला होता. गुपचूप पीठ नेऊन दिलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. पण मग पुढच्या रविवारी परात पुन्हा साफ झाली असती. तीन दिवस त्या काकांशीही धड बोलल्या नाहीत. चूक कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

चौथ्या दिवशी त्या दारोदार फिरल्या. "रविवारी आम्ही दोघी मिळून रांधणार. तुमच्याकडे जे पडून आहे ते आणून द्या. मूठभर डाळ, मान टाकलेली भाजी, डब्याच्या तळाचं पीठ, काहीही. मुद्दाम विकत आणलेलं घेणार नाही." शिंप्याने सुकलेली गाजरं दिली, नर्सने उरलेले मसूर. सगळे टाकून देतात तो मुळ्याचा पाला समोरचीने असा काही शिजवला, की काकू बघतच राहिल्या. साली आणि देठं गच्चीवरच्या कुंड्यांत गेली. पुढे चार वर्षं, त्या जोडप्याची बदली होईपर्यंत, हे असंच चाललं. पहिल्या महिन्यात कचरेवालीने तर विचारलं होतं, "लोक गावाला गेलेत की काय?"

तर दोघींनी मिळून रांधलेल्या त्या पहिल्या रविवारी परात निम्म्याच्या वर सरली आणि काकू कडाडल्या, "हात थांबवा!"

"काकू, अजून उरलंय की," शिंपी गोंधळून म्हणाला.

"उरू दे. ते या घराचं जेवण आहे. सात रविवार आपण यांच्या वाटचं खाल्लं. तुम्ही थांबला होतात, मी खायला लावलं." काकूंचा आवाज चिरकला. "चुकलं माझं."

नर्स उठली, मग शिंपी, मग बाकीचे. त्यांच्या मागोमाग काकूही उठायला लागल्या. शरमेने त्यांच्या घशाखाली दोन घाससुद्धा उतरले नव्हते. समोरचीने त्यांचा हात धरला.

"तुम्ही नाही. तुम्ही आज रांधलंत. रांधणारे मागून, घराबरोबर."

काकू पुन्हा बसल्या. कारखान्यात तीनशे माणसं जेवून गेली की त्या ओट्यापाशी उभ्याने, गार झालेलं काहीबाही पोटात ढकलायच्या. त्यांच्यासाठी काही राखून ठेवावं, असं एकतीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. समोरचीने मधली पोळी तोडली, तिच्यात पाला गुंडाळला आणि घास त्यांच्या हातावर ठेवला. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. ती त्यांनी तिखटाच्या नावावर खपवली नाही. रडत रडतच त्या पोटभर जेवल्या.