सटाण्याला अरबीची परीक्षा

मी ओमानला खजुराच्या शेतावर कामाला आहे, तीन वर्षं झाली. शिक्षण सातवी नापास, त्यामुळे शुद्धलेखनाच्या कॉमेंट टाकू नका. दोन हजार सातच्या एप्रिलात सुट्टी मिळाली. नाशिकला पोचलो तर मामांनी दुसऱ्याच दिवशी सटाण्याला मुलगी बघायचा कार्यक्रम ठेवलेला.

"मुलीचे वडील तुझी परीक्षा घेणार आहेत," मामा म्हणाले.

"कसली?"

"अरबीची."

कारण असं की त्यांच्या भावकीत आधी एक दुबईवाला जावई झाला होता. वर्षभरानं तो वापीच्या हॉटेलात कपबशा विसळताना सापडला. पासपोर्ट त्याच्याकडेही होता.

सटाण्याला जायचं तर नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची पहिली एसटी धरा. उशीर केला की पिंपळगावला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकता. तिकीट साठच्या आत, वेळ तीन तास. उजवीकडे बसू नका, ऊन लागतं. मी उजवीकडेच बसलो होतो.

शेजारी एक टमाट्याचा व्यापारी होता. मामांनी त्याला माझी सगळी माहिती दिली.

"माझं वय अडतीस," तो म्हणाला. "या वयात येती का हो भाषा?"

"येते. आमचा शेतावरचा मुकादम पंचेचाळिसाव्या वर्षी शिकला."

"क्लास लावला होता तुम्ही?"

"नाही. भांडलो."

खरं तेच सांगितलं. आमच्या शेतावर पाटाचं पाणी पाळीनं मिळतं आणि शेजारचा म्हातारा रोज माझी पाळी खायचा. हिंदीत ओरडून पाणी येत नव्हतं. सहा महिन्यांत अरबी आली.

"मग मला नाय जमायचं," व्यापारी म्हणाला. "मी घरात पण भांडत नाय." तो देवळ्याला उतरला. तिथला भेळभत्ता चांगला आहे, पाच रुपये.

मुलीच्या घरी ओसरीवर वीसेक माणसं बसलेली. मधोमध मालेगावचे एक मास्तर. चाळीस वर्षं मदरशात अरबी शिकवून निवृत्त झालेले, आणि या घरच्या कांद्याचं कायमचं गिऱ्हाईक. पोहे खाऊन झाले. मुलगी चहा ठेवून दारात उभी राहिली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मला ती बघताक्षणी पसंत पडली, आणि त्याच वेळी मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला.

मला एक अक्षर कळलं नाही.

त्यांनी हळू बोलून परत विचारला. मग ते हळूहळू कळलं नाही. मी माझ्याकडचं एक वाक्य बोललो, तर मास्तरांनी कानामागे हात लावला.

"पोऱ्याले अरबी येस का नाही?" वडिलांनी विचारलं.

"कह नहीं सकता," मास्तर म्हणाले. "किताब में तो ऐसा कुछ है नहीं."

ओसरीवर कोणीतरी "वापी" म्हणालं. मामा जमिनीकडे बघायला लागले. मुलगी आत वळली.

मग मी उठून उभा राहिलो. मला येत होतं ते सगळं बोललो. काल पाणी तू घेतलंस, परवा तू घेतलंस, आज सूर्य इथे आला की पाट माझा, फळी काढ, तुझ्या मुलालाच बोलावतो. हात सवयीनं पाटाकडे, सूर्याकडे आणि म्हाताऱ्याच्या जागी बसलेल्या मास्तरांकडे जात होते.

"थांबा, थांबा," वडील म्हणाले. "हाऊ पाणीवर भांडी ऱ्हायना!"

सटाण्याच्या बागलाण भागात बंधाऱ्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या पाळीनंच घेतात. वडिलांना अरबीचा शब्द येत नव्हता, पाण्यावरचं भांडण मात्र पाठ होतं. "हॉटेलमा पाणीनी कसानी पाळी?" त्यांनी भावकीला विचारलं.

मास्तर जवळ आले, माझा हात धरून म्हणाले, "बेटा, चालीस साल पढ़ाया. मुझसे अरबी में आज पहली बार कोई झगड़ा." त्यांनी हात बराच वेळ सोडला नाही.

मुलीनं एकच विचारलं. "मग पाणी मिळालं का?"

"त्या दिवशी नाही," मी म्हणालो.

निघायच्या आधी होकार आला.

साखरपुडा उरकून ओमानला परत आलो. आता शुक्रवारी फोनचं कार्ड घालून सटाण्याला फोन करतो. ती म्हणाली, मलाही शिकवा. मी पाटाचे, फळीचे शब्द सांगितले.

"ते राहू द्या. 'दमलात का?' कसं विचारतात?"

मला येईना. तीन वर्षांत हे मला कोणी विचारलेलं नाही. म्हटलं, पुढच्या शुक्रवारपर्यंत चौकशी करून ठेवतो.