देण्याघेण्याचं कपाट

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा कॉलेजात जायला लागले, आणि पहिले कितीतरी शनिवार मी ते कोणाला कळू दिलं नाही. बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्समधल्या बायका या वयात योगाला जातात, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातात. पाठीला सॅक लावून कोणी जात नाही. लिफ्टमध्ये कोणी विचारलंच, तर मी 'जरा काम आहे' म्हणायचे आणि मजल्यांचे आकडे बघत बसायचे.

आमची कंपनी छोटी, पॅकिंगचं सामान बनवणारी. तिथे मी टायपिंगपासून बिलांपर्यंत सगळं केलेलं होतं. खरेदी बघणारे साहेब सोडून गेले तेव्हा मालक म्हणाले, तुम्ही कोर्स करून या, ही खुर्ची तुमची. एका कॉलेजच्या इमारतीत शनिवार-रविवारी कम्युनिटी कॉलेज भरायचं, त्यात खरेदी आणि सप्लाय चेनचा वर्षभराचा कोर्स होता. वर्गातली सगळी मुलं माझ्या मुलाच्या वयाची. पहिल्या दिवशी मी आत शिरले तर सगळी उठून उभीच राहिली, त्यांना वाटलं मॅडम आल्या. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा कुठे त्यांचा घोळ मिटला. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालेलं.

ही लाज सरांनी घालवली. सर डोंबिवलीच्या एमआयडीसीत उभा जन्म खरेदी खात्यात काढून रिटायर झालेले. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक सीलबंद खोका ठेवला, मला पुढे बोलावलं आणि माल मिळाल्याची सही करा म्हणाले. मी म्हटलं, आधी उघडून बघते. उघडला तर आत विटेचा तुकडा. वर्ग हसला, पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, आलेला माल उघडून बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे यांना शिकवावं लागलं नाही, तुम्हाला शिकवावं लागणार आहे. त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले. आणि खरं सांगायचं तर माझं डोकं जरा वर गेलं.

घरी नवऱ्याला माझं ज्ञान ऐकून ऐकून वीट आला. डाळीचे डबे मी नवे मागे, जुने पुढे असे लावले. आधी आलेलं आधी बाहेर, हा नियम मी फ्रिजलाही लावला. मग सरांनी एबीसी शिकवलं. गोदामातल्या सगळ्या मालाकडे सारखं लक्ष देता येत नाही, म्हणून त्याचे तीन गट करायचे. ए म्हणजे मोलाचा, त्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. बी मधला. सी म्हणजे किरकोळ, त्यात फार वेळ घालवायचा नाही. आणि प्रोजेक्ट असा दिला की घरातला किंवा कामावरचा कुठलाही साठा घ्या आणि त्याला शिस्त लावून दाखवा.

मुलांनी मेडिकलची दुकानं घेतली, मोबाईलची दुकानं घेतली. मी माझं देण्याघेण्याचं कपाट घेतलं.

हे कपाट कोणाच्या घरी नसतं? बारशाला, वास्तुशांतीला, हळदीकुंकवाला आलेल्या साड्या, ब्लाऊजपीस, टॉवेल, स्टीलच्या वाट्या. घ्यायचं, न उघडता आत टाकायचं आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला द्यायचं. देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. तशा साडीला आपण 'देण्याघेण्यातली साडी' म्हणतो आणि ती नेसण्याचा विचारही कोणी करत नाही. देणाऱ्यासमोर पिशवी उघडायची नाही ही तर रीतच, हावरटपणा दिसतो. नंतर घरी जाऊन उघडायला कोणाची ना नसते, पण तेवढी फुरसत कोणाला.

जानेवारीत एका रविवारी मी ते कपाट जमिनीवर रिकामं केलं. प्रत्येक पारदर्शक कव्हरवर गोल स्टिकर लावला, त्यावर ए, बी किंवा सी लिहिलं. जुनं वर, नवं खाली. काठपदर बरे दिसले की ए, चकचकीत सिंथेटिक दिसलं की सी. कव्हर एकही उघडलं नाही. आणि मग मी एक पाऊल पुढे गेले, जे सरांनी सांगितलेलं नव्हतं. घेणाऱ्यांचेही गट केले. मोठ्या जाऊबाई, मालकांच्या मिसेस, मुलाच्या क्लासच्या बाई, या ए. शेजारपाजार, बी. आणि ज्या मनाला लावून घेत नाहीत, ज्यांचं काही का असेना चालतं, त्या सी. त्यात मी वहिनींना टाकलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मोहन्याला राहतात. तिथला कारखाना बंद पडल्यावर भावाने कुठे कुठे नोकऱ्या केल्या, पण घर खरं चाललं ते वहिनींच्या शिलाई मशीनवर. साड्यांना फॉल लावायचा, पिको करायचं, ब्लाऊज शिवायचे. आई गेली त्यानंतर माझं माहेर म्हणजे वहिनीच. भाऊ मायाळू आहे, पण भावाला बहिणीची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ते काम वहिनींनी कधी चुकवलं नाही. दर भाऊबीजेला मला तिथे जेवण असायचं, ओटी असायची, साडी असायची. गेल्या भाऊबीजेलाही होती. मी नेहमीप्रमाणे निघायच्या घाईत होते. पिशवी हातात घेतली, छान आहे हं म्हटलं आणि घरी येऊन कपाटात टाकली.

प्रोजेक्टला वर्गात पहिला नंबर आला. सरांनी कपाटाचे फोटो पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवले. मी इतकी हवेत होते की ते फोटो मी माहेरच्या ग्रुपवरही टाकले, आणि खाली ए म्हणजे काय, बी म्हणजे काय, सी म्हणजे काय, ते सगळं हौसेने समजावून लिहिलं. घेणाऱ्यांच्या गटांचं तेवढं लिहिलं नाही, तेवढी अक्कल शिल्लक होती. वहिनींनी सगळ्यात आधी अंगठा पाठवला.

वैशाखात भाचीचा साखरपुडा ठरला. मुलाकडचे लोक डोंबिवलीचे, शिकलेले, नोकरदार, आणि वहिनींनी सगळं त्यांच्या तोलाचं व्हावं म्हणून जीव टाकला होता. मोहन्यातलाच छोटा हॉल. मी भाचीसाठी दुकानात जाऊन, पारखून पैठणी घेतली. वहिनींसाठी कपाट उघडलं. सी गटातलं सगळ्यात वरचं कव्हर उचललं, आत डाळिंबी रंगाची साडी, बारीक काठ. आधी आलेलं आधी बाहेर. पिशवीत टाकलं आणि निघाले.

अंगठ्या घालून झाल्यावर मी वहिनींची ओटी भरली. आत्याचा मान, म्हणून सगळ्यांचं लक्ष होतं. साडी त्यांच्या पदरात घातली तेव्हा त्या कव्हरकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, भरून आलंय. मग माझं लक्ष गेलं. गोल स्टिकर तसाच होता, त्यावर माझ्या वळणदार अक्षरात सी. मी पटकन हात पुढे केला, पण वहिनींनी त्यावर अंगठा ठेवला.

तेवढ्यात मुलाची आई कौतुकाने म्हणाली, रंग किती सुरेख आहे, फोटोसाठी हीच नेसा की. मी घाईघाईने म्हटलं, अहो, आत्ता कशी नेसणार, फॉल नाही, ब्लाऊज नाही. जी साडी कधी उघडलीच नाही तिच्याबद्दल मी हे छातीठोकपणे सांगितलं.

वहिनींनी कव्हर उघडलं. साडीची घडी सैल केली तर आतून शिवलेला ब्लाऊज सरकून त्यांच्या मांडीवर पडला. डाळिंबीच, हाताला काठ लावलेला. त्यांनी साडीचा खालचा काठ उलटून दाखवला. फॉल होता. बारीक, एकसारखी हातशिलाई. ती शिलाई कोणाची हे मला सांगायला लागलं नाही. माझ्या सगळ्या चांगल्या साड्यांना तीच आहे.

"आहे की," वहिनी म्हणाल्या. "फॉल लावलाय. ब्लाऊजही आहे."

मुलाची आई तर थक्कच झाली. नणंदेने भावजयीला फॉल लावून, ब्लाऊज शिवून साडी आणावी, असं तिने कुठे बघितलं नव्हतं. ती माझा हात धरून बोलत राहिली, हल्ली एवढं कोण करतं, केवढी हौस, केवढी माया. मी उभी होते. जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, दुसरं काही मनात नव्हतं. तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर वहिनींची नव्या व्याह्यांसमोर शोभा झाली असती, की नणंद हिला हिचंच दिलेलं परत देते. गप्प बसले तर कौतुक माझ्या पदरात पडत होतं. मी गप्प बसले.

"आमच्या ताईंचं सगळं पद्धतशीर असतं," वहिनी म्हणाल्या आणि साडी घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

त्या नेसून बाहेर आल्या. ब्लाऊज माझ्या मापाचा. मी अंगाने भरलेली, वहिनी काडी. खांद्यावर तो उतरत होता, काखेत पिशवीसारखा लोंबत होता. पाठीवर सेफ्टी पिना लावून त्यांनी वरून पदर घेतला होता. मुलाची आई म्हणाली, जरा सैल झालाय का? वहिनींनी हसून सांगितलं की लग्नाच्या धावपळीत मीच बारीक झालेय. त्या साखरपुड्याचे सगळे फोटो तसेच आहेत. भाची मधे, एका बाजूला तिची आई माझ्या मापाच्या ब्लाऊजात, पदर सावरताना, दुसऱ्या बाजूला मी. एकाही फोटोत माझी नजर कॅमेऱ्याकडे नाही.

पंगत उठल्यावर मी त्यांना मागच्या खोलीत गाठलं. मी म्हटलं, वहिनी, मला लाज वाटते, कुठल्या तोंडाने माफी मागू कळत नाही, मला माहीतच नव्हतं ती कोणाची आहे. हे बोलून गेल्यावर कळलं की हे तर आणखीच वाईट आहे. त्या पाठीमागच्या पिना काढत होत्या. एक पीन अंगाला टोचून थोडं रक्त आलं होतं. मी मदतीला पुढे झाले, तर त्या जरा बाजूला सरकल्या.

"ताई, घरी गेल्यावर तरी उघडून बघायचंत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माप चुकलं असेल, म्हणून नेसत नसाल."

म्हणजे भाऊबीजेपासून त्या वाट बघत होत्या. कुठल्यातरी कार्यात मी ती नेसून येईन म्हणून. आणि नाही आले, तर चूक त्यांनी स्वतःच्या कात्रीकडे घेतली होती.

परीक्षेत प्रश्न आला, आवक मालाची तपासणी का करावी, उदाहरणासह स्पष्ट करा. बाकीची मुलं खाली मान घालून लिहीत होती. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग नटबोल्टचं उदाहरण लिहिलं. त्यात पूर्ण मार्क मिळाले असावेत, कारण पेपर चांगला गेला. सर्टिफिकेट मिळालं, खुर्चीही मिळाली. कपाट मी रिकामं केलं. स्टिकर काढताना काहींचा गोंद कव्हरवर राहिला, तो नखाने खरवडत बसले तेव्हा नवरा म्हणाला, आता हे काय नवीन. त्याला सांगायला तोंड नव्हतं.

वहिनी माझ्याशी बोलणं टाकतील, भांडतील, निदान भावाकडून चार शब्द ऐकवतील, अशी मी वाट बघत होते. तसं काही झालं नाही. फोन केला की त्या तेवढ्याच गोडीने बोलायच्या, मुलाची चौकशी करायच्या. फक्त आधी त्या स्वतःहून करायच्या, आता मी करायला लागले. भाचीच्या लग्नात मला मानाची साडी मिळाली, दुकानातली, दुकानाच्या खोक्यात. बाकी सगळ्या आत्या-माम्यांना तसलीच होती.

भाऊबीजेला मी सकाळीच मोहन्याला पोचले. निघायची घाई नको म्हणून ऑफिसला दुसऱ्या दिवशीचीही रजा टाकली होती. भावाला ओवाळलं, जेवण झालं. सगळं माझ्या आवडीचं केलेलं होतं. मग वहिनींनी मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला आणि त्यावर एक पाकीट ठेवलं. छापील, सोनेरी नक्षीचं.

"तुम्हाला आवडेल तशी घ्या," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय कळतंय हो, तुमच्याकडचं काय चालतं ते."

चिडून म्हणाल्या असत्या तर मी पाय धरले असते. पण त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. मी पाकीट हातात धरून बसले. खिडकीशी मशीन होतं, त्यावर कोणाच्यातरी साडीचा फॉल अर्धा लावलेला, सुई तशीच खोचलेली. बाजूला मापाची टेप लोंबत होती.

मी पाटावरून उठले, मशीनपाशी गेले. म्हटलं, वहिनी, मला साडी नको, यातून मी नुसतं कापड आणते, ब्लाऊज तुम्ही शिवा. माझं माप बदललंय, नवीन घ्या. आणि लहानपणी आई माप घ्यायची तेव्हा उभं राहायचे, तशी दोन्ही हात थोडे वर करून उभी राहिले. भाऊ माझ्याकडे बघत होता, त्याला काही उमगत नव्हतं.

वहिनींनी टेपेकडे बघितलं. मग ती उचलून नीट गुंडाळली आणि मशीनच्या खणात ठेवली.

"बसा ताई," त्या म्हणाल्या. "चहा घेऊन जा."