चुंबक धरेल तिथे खोट

माझ्या वडिलांचं यकृत पूर्ण निकामी झाल्याची बातमी मी शेजारच्या फोनवरून तीन नातेवाइकांना कळवली, तेव्हा वडील आतल्या खोलीत बसून कांदाभजी खात होते.

पण आधी त्यांच्या चुंबकाबद्दल सांगायला हवं. अण्णा, म्हणजे माझे वडील, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात माल तपासायचे. बंडीच्या खिशात सुपारीएवढा चुंबक कायम. डब्याला चिकटला की माल हलका, निसटून पडला की अस्सल! रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. कुणाच्या लग्नात जेवायला बसले की आधी ताटाला चुंबक लावायचे आणि शेजारच्याच्या कानात सांगायचे, "धरतोय." माझ्या लग्नात त्यांनी रुखवतातली भांडीही सोडली नाहीत. (सगळी पास झाली. "माझी भांडी पास झाली होती, तुमची परीक्षा राहिलीय," असं बायको अजून ऐकवते.)

नव्वदचं दशक सरत आलं होतं. अण्णांच्या सोनोग्राफीत यकृतावर एक डाग दिसला. डाग साधा की वाईट, ते कळेना. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "एमआरआय करू. पण आधी शिरेतून एक औषध द्यावं लागेल. त्यात लोखंडाचे कण असतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक." पुढे ते कण यकृतात जाऊन नेमकं काय करतात तेही त्यांनी नीट समजावलं. मी "अर्थात, अर्थात" म्हणत मान डोलावली. शेवटी मी बी.एस्सी. आहे. (सेकंड क्लास, वनस्पतिशास्त्र. पण घरात हे कुणी विचारत नाही.) खरं सांगायचं तर मी इतका घाबरलो होतो की 'वाईट' या शब्दापलीकडे माझ्या कानात काहीच शिरलं नव्हतं.

जेसल पार्कला घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "लोखंड रक्तात गंजणार नाही का रे?"

"अण्णा, तो एक प्रकारचा गंजच असतो म्हणा ना!" मी विज्ञान सांगितलं.

झालं! अण्णांनी ताट सरकवलं. "जन्मभर न गंजणारा माल पास केला, आणि आता अंगात गंज भरून घेऊ? नाही करायचं मला!"

आईच्या डोळ्यांत पाणी. शैला, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे रोखून बघतेय. ते औषध परदेशातून मागवलेलं, गुरुवारची वेळ महत्प्रयासानं मिळालेली, आणि पेशंट म्हणतोय, नाही! तेवढ्यात मला सुचलं.

"अण्णा, अहो, हे तुमचंच तंत्र आहे! पूड आत सोडायची, बाहेरून मोठा चुंबक लावायचा. जिथे धरेल तिथे खोट!"

अण्णा ताडकन सरळ बसले. "असं सांग ना मग! म्हणजे डॉक्टर आपल्याच लाइनचा आहे!"

हे डॉक्टरांनी कधीच सांगितलेलं नव्हतं. पण अण्णांना पटलं, आणि वाईट म्हणजे, मलाही पटलं.

गुरुवारी ते चहासारखं तपकिरी औषध अर्धा तास थेंबथेंब आत जात होतं. अण्णा बाटलीकडे कौतुकानं बघत होते. मशीनच्या खोलीपाशी टेक्निशियननं विचारलं, "आजोबा, अंगावर लोखंडाचं काही नाही ना?" "छे," म्हणत अण्णांनी बंडीतून चुंबक काढून दाखवला. "एवढाच आहे." टेक्निशियन दोन पावलं मागे सरकला. "हे आत नेलं असतं म्हणजे?" "तुमचा मोठा ऐनवेळी बिघडला तर असावा म्हणून आणला," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी फिल्म मिळाल्या. रिपोर्ट शनिवारी डॉक्टरच सांगणार होते. पण घरात बी.एस्सी. असताना शनिवारपर्यंत थांबतो कोण! मी स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या. औषधाआधीच्या फिल्मवर यकृत करडं. औषधानंतरच्या फिल्मवर काळंकुट्ट! कोळसा! एक कोपरासुद्धा सुटला नव्हता.

चुंबकानं अख्खं यकृत धरलं होतं.

मी पिठाच्या डब्यावर मटकन बसलो. "शैला, सगळं गेलं."

"अहो, डॉक्टरांना तरी विचारा!"

"त्यात विचारायचं काय? काळं ते काळंच!"

आईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग गॅसवर कढई ठेवली. दोन महिने तळलेलं बंद होतं. "आता कसलं पथ्य," एवढंच ती म्हणाली. मी फोन करायला शेजारी जयाबेनकडे गेलो. माझा तिसरा फोन संपेपर्यंत त्या हुंदके देत होत्या. "दिलीपभाई, अण्णा कितने अच्छे आदमी थे!"

"थे नहीं, जयाबेन! हैं! अभी भजी खा रहे हैं!"

शुक्रवारी सकाळी काशीगावची आत्या तळलेली सुरमई घेऊन आली. मावशीनं पुरणपोळ्या आणल्या, जयाबेननी ढोकळा. अण्णा सगळं चाखत होते आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी आत्याचा बांध फुटला. "दादा, लहानपणी तुझा भोवरा मी फोडला होता रे!"

"माहितेय मला," अण्णा म्हणाले. मग पोळी खाली ठेवून माझ्याकडे वळले. "दिल्या, फिल्म आण."

कपाटामागे लपवलेली फिल्म मी आणून दिली. अण्णांनी ती खिडकीला धरली. तीस वर्षं माल बघितलेले डोळे ते.

"अख्खं धरलंय," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी बंडीतून चुंबक काढून माझ्या हातात ठेवला. "राहू दे तुझ्याकडे. आई भांडी घ्यायला जाईल तेव्हा बरोबर जा. तिला फसवतात." मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो.

शनिवारी डॉक्टरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. मी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "फर्स्ट क्लास!"

"पण... सगळं काळं झालंय," मी म्हणालो.

"मग? तेच तर हवं होतं! हे कण चांगलं यकृतच खातं, आणि त्यानं काळं दिसतं. वाईट डाग त्यांना धरत नाही, तो पांढरा राहतो. इथे डागसुद्धा काळा पडलाय, म्हणजे डाग साधा आहे. काळजी नको." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मी हे सगळं सांगितलं होतं ना? तुम्ही 'अर्थात' म्हणालात!"

मला इतका आनंद झाला की लाज वाटायला जरा उशीरच झाला. अण्णा मात्र सरळ उठून चालू लागले. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी हात पुढे केला. "चुंबक दे."

दिला. त्यांनी तो खालीवर बघितला आणि सरळ माझ्या कपाळाला लावला. धरून ठेवला, मग सोडला. चुंबक टपकन माझ्या मांडीवर पडला.

"नाही धरत," अण्णा म्हणाले.

तेवढ्यातही माझी कळी खुलली. "म्हणजे अस्सल माल ना, अण्णा?"

"भांड्यांत अस्सल," चुंबक खिशात टाकत अण्णा उठले. "पण डॉक्टर आत्ता काय म्हणाला? जिथे धरत नाही, खोट तिथेच!"