बंडीवरचं बुजगावणं

सौंसरला शाळेत शिकवायला जाताना मला वाटेत रोज एक बैलबंडी लागायची. तिच्या मागच्या बाजूला बुजगावणं बांधलेलं असायचं. मडक्याचं डोकं, लाल टोपी, जुना सदरा. हमरस्त्याला लागण्याआधी बंडीवाला म्हातारा खाली उतरून त्याची बटणं लावायचा, टोपी सरळ करायचा, जणू त्याला मुलगी पाहायला न्यायचं आहे.

एकदा मी गाडी थांबवून विचारलंच, "काका, हे वावरात सोडून बंडीवर काहून?"

"मांगं एक फटफटीवाला धडकला जी, भर दुपारी. दवाखान्यात म्हणे, काका, तुमची बंडी दिसलीच नाही. कापसानं भरलेली घराएवढी बंडी! आता याले पाहाले सारे गाड्या हळू करून राहिले."

तेव्हापासून मीही बुजगावण्याला हात दाखवूनच पुढे जायचो.

आज बाजारात म्हाताऱ्याने मला अडवलं. "काल मडकं फुटलं, त मीच मांगं बसलो होतो जी. बायको बंडी हाकून राहिली होती. तुमाले हात बी दाखवला. तुमी एवढ्या जवळून गेले, का माले पाय वर घ्या लागले."

काल बंडीच्या मागे कोणीच नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं.