मान हलवून चालत नाही

माझं शिक्षण चौथी. माहेरी, धनजला, आमच्या वेळी शाळा मराठी होती, तिथे चौथीपर्यंत गेले आणि मग घरी बसले. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण लिहायला बसलं की मराठीच येतं. चारचौघांत मला बोलायला जमत नाही. लिहायला जमतं.

निकाहानंतर मी मंगरूळपीरला आले. माझ्या मालकांचं गाद्या आणि रजया भरून देण्याचं दुकान होतं. सासरे हाताने कापूस पिंजायचे, यांनी मशीन घेतली. लग्नसराईत लोक गादी होईपर्यंत दुकानासमोर बसून राहायचे. मग फोमच्या गाद्या आल्या आणि कापूस भरून घेणारे कमी झाले. यांना वाटलं, आपणही फोमच विकू. पतसंस्थेचं कर्ज काढलं, व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल आणला, मोठं दुकान भाड्याने घेतलं. गिऱ्हाईक यायचं, गादीवर बसून बघायचं, भाव विचारायचं आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवायचं. दुकान बसलं. वसुलीवाले दाराशी येऊ लागले, तसे हे मागच्या दाराने नमाजाला जाऊ लागले.

कुणीतरी यांना सांगितलं की कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो. आपल्याकडे काय आहे आणि कुणाचं काय देणं आहे, ते सगळं कोर्टापुढे ठेवायचं. कोर्ट जे असेल ते विकून सगळ्यांना वाटतं आणि दारातला तगादा थांबतो. त्याला वकील लागतो. आमच्या घरात वकिलाकडे जाण्याची वेळ कुणावर आली नव्हती.

आधी गावातल्याच वकिलाकडे गेलो. यांनी सांगायला सुरुवात केली, तर आम्ही किती बुडालो ते त्यांना आमच्याहून चांगलं पाठ होतं.

हे म्हणाले, "साहेब, तुमाले कसं माहीत?"

"माह्याकडंच तर कागद हायेत तुमचे. पतसंस्थेचा वकील मीच हावो ना भाऊ," ते हसून म्हणाले. चहा मात्र पाजला.

दुसरे वकील कारंज्याचे. मोठं ऑफिस, बाहेर माणसं बसलेली. त्यांनी यांचं बोलणं अर्ध्यात थांबवलं. आमचं दोन खोल्यांचं घर यांच्या नावावर आहे, हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं.

"मेहर किती ठरली होती?"

मेहर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम. आमची फार नव्हती. यांनी आकडा सांगितला.

"हे तर काहीच नाई. मोठी दाखवू. मेहरच्या बदल्यात घर बायकोले देऊन टाकलं, असा कागद करू, मागची तारीख टाकून. म्हणजे घराले कोणी हात लावत नाई."

"आन कोर्टानं हिले इचारलं तर?" हे म्हणाले. "ही कोणापुढं बोलत नाई."

"मंग तर चांगलंच हाये. बोलाचं कायले? मान हलवली की झालं."

त्यांनी कच्चा कागद लिहून दिला. हे खूश होऊन घरी आले. सासूबाई तर कारंज्याच्या वकिलाला दुआ देऊ लागल्या. त्या घरातच त्यांची सगळी उमर गेली होती. मी गप्प आहे असं पाहून त्या म्हणाल्या, "जिंदगीभर मुंडी हलवत आली, आता एक डाव घरासाठी हलव. तुले कोणी भाषण दे म्हणून राह्यलं का?"

मी भाकरी थापत राहिले. मला खोटं बोलता येत नाही, असं नाही. शेजारणीने साखर मागितली तर संपली म्हणून सांगते. पण जजसमोर उभी राहिले आणि कुणी उलटं विचारलं, तर माझ्या तोंडातून जे निघेल ते माझ्या हातात नसेल, हे मला माहीत होतं.

हा अर्ज वाशीमच्याच कोर्टात लागतो, म्हणून तिथला एखादा वकील सोबत असावा, असं यांना वाटलं. एसटीने गेलो. कोर्टामागे झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. वकील सर्दीने बेजार होते आणि डबा उघडून बसले होते. आम्हाला बसा म्हणाले आणि जेवता जेवताच कारंज्याचा कागद वाचला.

"निकाहनामा हाये का?"

यांनी दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले.

"मंग हे मेहर एवढी मोठी कुठून झाली?"

हे टोपी सारखी करू लागले.

"बरं, खरी हाये ते दिली का?"

"ते माफ हाये साहेब. हिनं पहिल्याच रात्री माफ केली."

वकिलांनी मला विचारलं, "भाभी, केली का तुमी माफ?"

"ते बोलत नाई साहेब," हे म्हणाले. "लाजते."

"मी तुमाले नाई इचारलं. मले तिच्याच तोंडून पाह्यजे. नसन बोलाचं तर माहा डबा होईपर्यंत बसा, मंग जा."

ते पोळी खात राहिले. खाली झेरॉक्सची मशीन चालत होती. त्यांची पोळी संपत आली तेव्हा मी म्हणाले, "यांनी इचारलं होतं. मी चूप राह्यली होती."

"चूप राह्यली म्हणजे हो," हे लगेच म्हणाले.

"ते निकाह कबूल कराच्या वेळी असते," मी म्हणाले. "मेहरले नसते."

आमच्यात निकाहाच्या वेळी मुलीला कबूल आहे का, हे विचारायला घरातलं कुणी थोरलं माणूस आत येतं. माझ्या वेळी मामू आले होते. मुलगी लाजते, मान खाली घालते, आणि ती गप्प राहिली तरी कबूल धरतात. मी गप्पच होते. ते मला मान्यही होतं. रात्री यांनी मेहर माफ करतेस का विचारलं, तेव्हाही मी गप्प राहिले. पण त्या वेळी मला काय म्हणावं तेच सुचलं नव्हतं. यांनी तिथेही तोच हिशोब लावला आणि इतकी वर्षं निर्धास्त राहिले.

वकिलांना हसू आलं, मग खोकला आला. म्हणाले, "मंग भाऊ, तू इचंही देणं लागतं. जेवढं लेहलं हाये तेवढं. बाकीच्यांसंगं इचंही नाव टाकू. पण घर जाईन. आता इच्या नावावर केलं तर कोर्ट वापस घेते, आन खोटं निघालं तर तू आत जाशीन. आन भाभी, कोर्टात मान हलवून चालत नाई. बोला लागन. तसं नसन पाह्यजे तर कारंज्यालेच जा."

परतीच्या गाडीत हे खिडकीजवळ बसले. शेलूबाजार आल्यावर म्हणाले, "मंग कोणता करू?"

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं.

"वाशीमचे," मी म्हणाले.

"घर जाईन."

"जाऊ द्या. जे झालं तेवढंच मी सांगू शकते. दुसरं माह्या तोंडून निघत नाई. मंग घरही जाईन आन तुमीही."

ते खिडकीकडे वळले. पण दुसऱ्या दिवशी वाशीमला फोन त्यांनीच केला. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

कोर्टात माझी वेळ आली. मेहर मिळाली का, विचारलं. नाही म्हटलं. माफ केली का? नाही म्हटलं. जरा मोठ्याने बोला, जज म्हणाले. मी मोठ्याने नाही म्हटलं. इतकंच होतं.

घर गेलं. वाटणीत माझ्या वाट्याला थोडंच आलं, बाकीची मेहर राहिलीच. आता दर्ग्याच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहतो. कापूस पिंजायची मशीन राहिली, कारण ती पोट भरायचं औजार आहे, ती घेत नाहीत, असं वकिलांनी अर्जातच लिहिलं होतं. आमची मशीन पुढच्या खोलीत आहे आणि सासूबाईंची बाज मागच्या. कापूस उडतो म्हणून त्या दिवसभर बडबड करतात.

परवा रजई टाचताना यांनी विचारलं, "आता तरी माफ करतं का?"

सासूबाईंचे कान इकडेच होते.

"आधी द्या," मी म्हणाले. "मंग पाहू."